फेरतपासणीचं कार्ड

“आठल्येबाई, हा निरोगी गट आहे,” डॉक्टर रेठरेकर म्हणाले आणि झायलिनमध्ये भिजवलेल्या बोळ्याने त्यांनी काचेवरचे माझे तीनही ठिपके पुसून टाकले.

ठिपके शाईचे. आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या गालाच्या आतून ब्रशने खरवडून पेशी घ्यायच्या, काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. पहिली नजर माझी. जिथे पेशी वेडीवाकडी दिसेल तिथे मी काचेवर बारीक काळा ठिपका द्यायचा. मग काच सरांच्या टेबलावर जायची. सर ठिपक्याखाली बघायचे आणि शेवटचा शब्द लिहायचे. तोंडाचा कर्करोग दुखायला लागायच्या आधीच नुसत्या पेशींवरून ओळखता येतो का, एवढं आमच्या प्रकल्पात बघायचं होतं.

“सर, तिसऱ्या ठिपक्याखाली पुन्हा एकदा बघता का?”

“बघितलं.”

“केंद्रक फार मोठं आहे. कडाही कुरतडल्यासारख्या...”

“बाई, आज शुक्रवार. शुक्रवारचाही उपास असतो का तुमचा?”

“असतो, सर.”

“तरीच. पोटात अन्न नसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ते काजवे काचेवर मांडायचे नसतात.” ते हसले. हसताना वाईट दिसायचे नाहीत ते. “अहो, निरोगी गटात एक जरी संशयित निघाला तर दिल्लीच्या सभेत मी काय सांगू? आमची चाचणी धडधाकट माणसालाही आजारी म्हणते, असं?”

त्यांनी चिठ्ठी ओढली आणि त्यांच्या सुरेख अक्षरात लिहिलं: ‘नि-२७. दाहजन्य बदल. चार महिन्यांनी फेरतपासणी.’ खाली सही, तारीख एक मार्च.

“बरं, सर,” मी म्हणाले आणि काच उचलली.

नि-२७ म्हणजे कोण, हे त्या खोलीत एकट्या मलाच माहीत होतं. नि-२७ माझ्यासमोर खुर्चीत बसून पेनाला टोपण लावत होते.

त्याचं असं झालं. निरोगी गटाला तीस माणसं हवी होती, तंबाखू, मिश्री, सुपारी यांतलं काहीच न खाणारी. आमच्या सांगली भागात अशी तीस माणसं शोधायची तर उन्हाळा उजाडला असता, म्हणून संस्थेतलेच कर्मचारी घेतले. चिठ्ठ्या टाकून नंबर दिले. एकोणतीस जणांचे नमुने जानेवारीत एका दिवसात झाले. सर तेवढे राहिले. ‘मी काय, घरचाच आहे,’ म्हणत टाळत होते. सभा तोंडावर आली तसे फेब्रुवारीअखेर एका दुपारी घाईघाईने आले, फॉर्मवर ‘सवय: नाही’ लिहिलं, खुर्चीत बसले आणि आ केलं.

वेलदोड्याचा वास आला. वेलदोड्याच्या खालून दुसराही आला. माझे मामा चोरून तंबाखू खायचे आणि वर वेलदोडा चघळायचे. तो वास मी सात वर्षांची असल्यापासून ओळखते. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांच्या मागे, दुधावरच्या सायीसारखा एक पांढरा चट्टा होता.

“सर, इथे पांढरं दिसतंय.”

“चहाने भाजलंय परवा. आटपा.”

मी ब्रश फिरवला. सर उठून गेले. कुठला नंबर कुणाचा हे तपासणाऱ्याला कळू नये असा नियम होता. नंबर आणि नावं यांची वही भोकऱ्यांच्या कपाटात कुलपात असायची. भोकरे आमचे कारकून, कपाटाची किल्ली जानव्याला बांधून फिरायचे. पण उरलेला नंबर एकच होता आणि त्याची चिकटपट्टी मी माझ्या हाताने काचेला लावली होती. तीसही काचा सरांच्या टेबलावर एकदमच गेल्या, म्हणून त्यांना ती वेगळी कळली नाही.

म्हणजे त्या शुक्रवारी मी एक वाक्य बोलायचं, एवढाच प्रश्न होता. ‘सर, ही काच आपली आहे.’ सहा शब्दही नाहीत. गालाचा एवढासा तुकडा निघाला असता, चार टाके पडले असते, पंधरवड्यात माणूस कामावर.

मी बोलले नाही. कारण सरांनी लिहिलेलं ते वाक्य मी त्याआधी एकदा, शब्दाला शब्द, वाचलं होतं.

सोनाक्का महादेवाच्या देवळाबाहेर बेल विकायची. तीन पानांतलं एक जरी किडकं असलं तरी तो बेल ती बाजूला टाकायची, ‘देवाला काय बी खपवायचं व्हय?’ म्हणायची. गिऱ्हाईक नसलं की कनवटीची डबी काढून दातांवर मिश्री फिरवत बसायची. मी दर सोमवारी तिच्याकडूनच बेल घ्यायचे आणि दर सोमवारी तेच बोलायचे.

“अक्का, सोडा ती मिश्री. आणि एकदा माझ्याकडे तपासायला या.”

“मला काय धाड भरलीया? साठीला आले तरी दातानं ऊस सोलते.”

“दाताचं नाही हो, गालाचं.”

“सुई टोचत्यात?”

“नाही. ब्रश फिरवतात नुसता.”

“मग तुमीच फिरवा. त्यो चष्म्याचा डाक्टर नको. तुमी देवाधर्माचं करताय, तुमचा हात हलका आसंल.”

आली. इरकल नेसून आली, आणि दवाखान्यात रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून बेलाची जुडी घेऊन आली. तिच्या काचेवर मी पाच ठिपके दिले. निरोगी पेशी कशी असते सांगू? पातळ घावन पसरावं तशी, आणि मध्ये मोहरीएवढं केंद्रक. तिच्या पेशींत मोहरीच्या जागी जांभळं बसलं होतं, काळंभोर.

सरांनी पाचही ठिपके पुसले. “मिश्रीवाल्या बायकांची तोंडं अशीच असतात, आठल्येबाई. सगळ्यांना सर्जनकडे धाडायचं म्हटलं तर निम्मा जिल्हा टाके घालून फिरेल.” आणि लिहिलं: ‘दाहजन्य बदल. चार महिन्यांनी फेरतपासणी.’

चार महिन्यांनी भोकऱ्यांनी पिवळं छापील कार्ड भरून तिच्या पत्त्यावर टाकलं. ऐन श्रावण, तिच्या धंद्याचे दिवस. तरी ती आली, पदर गालावर धरून. गाल दगडासारखा झाला होता आणि मानेत सुपारीएवढी गाठ.

“तारीख चुकवली न्हाई बघा, बाई,” ती म्हणाली आणि कार्ड माझ्या हातात दिलं. त्यावर बेलाच्या चिकाचा डाग होता.

माघात ती गेली.

त्यानंतर सर ज्या काचेवरचे ठिपके पुसतील तिचा नंबर मी माझ्या नामाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला लागले. भोकऱ्यांकडून पत्ता काढायचा, रविवारी एसटीने त्या गावाला जायचं आणि त्या बाईला सरकारी दवाखान्यात तुकडा काढायला पाठवायचं. भोकरे विचारायचे नाहीत. नियम मोडत होतो दोघंही, ते किल्ली फिरवताना छताकडे बघायचे. दोन वर्षांत सात जणींना पाठवलं. चौघींच्या तुकड्यात रोग निघाला, अगदी सुरुवातीचा. चौघी आजही आहेत. सरांना याचा पत्ता नव्हता. खोटं बोलायचं नाही हे माझं व्रत आहे. न विचारलेलं सांगायचं व्रत मी कधीच घेतलेलं नाही.

एक मार्चच्या संध्याकाळी मी ती वही उघडली. आठवा नंबर लिहायला पेन टेकवलं. देवापुढचा दिवा वात संपत आल्यावर तडतडतो तसा तडतडला, तोवर बसून होते. मग पेनाला टोपण लावलं.

पुढचे दहा दिवस मी स्वतःशीच भांडले. जपाची माळ ओढताना मणी चुकायचे. शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर चिठ्ठीतले चार महिने भरतात त्या एक जुलैपासून मागे मोजत आले. एक जुलै सोमवार. त्याच्या मागे सोळा सोमवार मोजले, बोट अकरा मार्चवर आलं.

अकरा मार्चला मी देवळात गेले. सोनाक्काच्या जागेवर तिची सून बसली होती. तिच्याकडून बेल घेतला.

“कालिंदीताई, सोळा सोमवार?” गुरुजींनी विचारलं. “बरं. संकल्प काय सांगू?”

“मनातला आहे.”

“मनातच म्हणा. महादेवाला ऐकू येतं.”

मी हातावर पाणी घेतलं, मनात म्हणायचं ते म्हटलं आणि पाणी सोडलं.

या व्रतात दर सोमवारी कणकेचा चूरमा करायचा, तूप-गूळ घालून. त्याचे तीन भाग. एक देवाचा, एक वाटायचा, एक आपला. वाटायचा भाग मी मंगळवारी डब्यात घालून प्रयोगशाळेत न्यायला लागले. पहिली वाटी सरांची.

“अरे वा, सोळा सोमवार?” सरांनी चूरमा तोंडात टाकला. “ते नवरा मिळायला करतात ना? पंचेचाळिशीत काय मागणं घातलंत महादेवाला?”

“नवरा नाही मागितला, सर.”

“मग?”

“व्रत उजवल्यावर सांगेन.”

“ठीक. चूरमा मात्र फर्मास. पुढच्या मंगळवारची वाट बघतो.”

मी समोर उभी राहून ते खाताना बघायचे. सूक्ष्मदर्शकाखाली बघते तसंच, नजर न हलवता. चौथ्या मंगळवारपर्यंत ते डाव्या बाजूने चावत होते. पाचव्या मंगळवारी घास उजवीकडे सरकवला. सातव्या मंगळवारी पाणी मागितलं. आठव्या मंगळवारी म्हणाले, “यात सुंठ घातली का हो? झोंबतंय.” सुंठ नव्हती. तूप, गूळ, कणीक, झालं.

मधल्या काळात दिल्लीची सभा झाली. निरोगी गटात एकही संशयित नाही, याबद्दल सरांचं कौतुक झालं म्हणे. परत आल्यावर पेढे वाटले. स्वतः पेढा घेतला नाही. “दाढ ठणकतेय,” म्हणाले. डॉक्टर माणूस, कर्करोगाचा डॉक्टर, आणि आरशात आ करून बघितलं नाही. की बघितलं आणि चहा म्हणाले, ते देव जाणे. त्यांची तंबाखूची डबी काळोख्या खोलीतल्या कपाटात रसायनांच्या बाटल्यांमागे होती. ती मी रोज पुसायच्या निमित्ताने हलवून बघायचे. हलकी होत होती, भरली जात होती.

दहाव्या आठवड्यात एका सकाळी मी आले तर सर खिडकीशी उभे, गालावर हात. माझी चाहूल लागल्यावर वळले. डोळे लाल होते.

“आठल्येबाई, लवंगेचं तेल असतं का हो तुमच्याकडे? आई लावायची लहानपणी.”

माझ्या पर्समध्ये होतं. मी बाटली दिली. त्यांनी कापसाचा बोळा करून दाढेमागे धरला आणि डोळे मिटले. लहान मुलासारखे दिसले. आईचं नाव घेतलेला माणूस. त्या घटकेला माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. खरंच आलं होतं. ‘सर, ती दाढ नाही.’ ओठ उघडले होते मी.

“झालं, बरं वाटतंय,” ते म्हणाले, डोळे उघडले आणि टेबलावरची काच उचलली. ती मी आदल्या दिवशी ठेवलेली, बोरगावच्या एका बाईची, दोन ठिपक्यांची. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पुरते दोन श्वासही घेतले नाहीत. बोळा फिरवला. “पुन्हा काजवे,” म्हणाले.

मी ओठ मिटले.

त्या रविवारी बोरगावला जाऊन आले. ती बाई आठवी. तिचा नंबर वहीत लिहिला.

एक जुलैला मी पहाटे उठून पाच शेर कणकेचा चूरमा केला. उद्यापन सकाळीच उरकून घेतलं, भला मोठा डबा घेऊन साडेदहाला कामावर गेले. सोमवारी भोकरे फेरतपासणीची कार्डं लिहायचे. ज्याची तारीख भरली त्याचा नंबर चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून काढायचा, वहीत नाव बघायचं, कार्ड भरायचं. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले.

“आज पाच आहेत,” भोकरे म्हणाले. “चार खेड्यातल्या. आणि हा एक... नि? बाई, निरोगी गटाची कधी फेरतपासणी असते का?”

“चिठ्ठीवर काय लिहिलंय?”

“चार महिन्यांनी फेरतपासणी. साहेबांची सही.”

“मग असते.”

त्यांनी जानवं ओढून किल्ली काढली, वही उघडली, बोट खाली नेत गेले आणि बोट थांबलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

“बाई, काहीतरी घोटाळा आहे. हे तर साहेबांचं स्वतःचंच नाव आहे.”

“नंबर जुळतोय?”

“जुळतोय.”

“मग कार्ड लिहा, भोकरे. पत्ता घालू नका, मी हातात देते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. सात-आठ रविवारांचे पत्ते काढून दिलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. “तुम्हाला कधीपासून...” एवढं म्हणून त्यांनी स्वतःच हात वर केला. “नको. विचारलं तर तुम्ही खरं सांगाल.” आणि कार्ड लिहायला घेतलं. ‘रेठरेकर’ दोनदा गिरवलं.

मी सरांच्या खोलीत गेले. टेबलावर द्रोण ठेवला, चूरम्याचा. त्याच्याजवळ पिवळं कार्ड. कार्डाजवळ काच. तिच्यावर पुन्हा तीन ठिपके दिलेले होते, त्याच जागी.

“आज उद्यापन, सर. प्रसाद.”

“ठेवा. जेवणानंतर बघतो.” जबडा पूर्ण उघडत नव्हता, शब्द दातांतून येत होते. मग त्यांनी कार्ड उचललं. छापील मजकूर तोच, ‘आपल्या तोंडाच्या तपासणीची तारीख भरली आहे, तरी या कार्डासह यावे.’ वर नाव.

“हा काय चावटपणा आहे?”

“फेरतपासणी आहे, सर. आपणच लिहिली होती. ही आपली चिठ्ठी.”

त्यांनी चिठ्ठी वाचली. काच उचलून उजेडात धरली, नंबर बघितला. मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. या खेपेला दोन श्वासांत संपलं नाही. पहिल्या ठिपक्याखाली बघितलं. दुसऱ्या. तिसऱ्याखाली थांबले. भिंग बदललं. पुन्हा पहिल्याकडे आले. बाहेर भोकऱ्यांच्या टंकलेखन यंत्राचा आवाज बंद पडला होता. मी उभी होते. माझ्या उभ्या जन्मात कुणी काच इतक्या निगुतीने बघताना मी पाहिलं नाही.

त्यांनी मान वर केली तेव्हा भिंगाची गोल खूण डोळ्याभोवती उमटली होती.

“ही माझी आहे, हे तुम्हाला माहीत होतं.”

“हो, सर.”

“कधीपासून?”

“चिकटपट्टी लावली तेव्हापासून.”

“चार महिने?” आवाज चढला नाही, चढवताच येत नव्हता. “चार महिने तुम्ही मला चूरमा चारत होतात? बोलला का नाहीत?”

“बोलले होते. तिसऱ्या ठिपक्याखाली पुन्हा बघा म्हणाले. केंद्रक मोठं आहे म्हणाले. आपण काजवे म्हणालात.”

“नाव सांगायला हवं होतं, बाई. नुसतं नाव.”

“नाव सांगितलं असतं तर आज बघितलंत तसं बघितलं असतं?”

त्यांची नजर पुन्हा काचेकडे गेली.

“तेच म्हणते मी, सर. नाव कळल्यावर आपल्याला दिसतं.”

मी पर्स उघडली आणि दुसरं कार्ड काढून पहिल्याशेजारी ठेवलं. तेही पिवळंच, कडा मऊ पडलेल्या, बेलाच्या चिकाचा डाग आता तपकिरी झालेला. त्याला तिची चिठ्ठी टाचून ठेवली होती मी. सरांनी दोन्ही चिठ्ठ्या बघितल्या. वाक्य तेच, अक्षर तेच, चार महिने तेच.

“ही कोण?”

“सोनाक्का.”

“कोण सोनाक्का?”

इथे माझा आवाज हलला. साडेतीन महिने जो हलला नव्हता तो. मी टेबलाच्या कडेला हात टेकवला.

“ती चार महिन्यांनी तारखेला आली होती. तोवर मानेत गाठ आली होती. आपण लिहिलंत, सर, पण तिला तोंडाने सांगितलं मी. ‘अक्का, काही नाही, नुसती सूज आहे, श्रावणात या.’ काचेवर काय आहे ते मला दिसलेलं होतं. आई गेली त्या दिवशी मी खोटं न बोलायचं व्रत घेतलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. त्या एकोणीस वर्षांत एवढं एकच खोटं बोलले. आपल्या सहीवर बोलले.”

खुर्ची मागे सरकली. सर उभे राहिले. मला वाटलं हात उगारतील. त्यांनी स्वतःचं कार्ड उचललं, घडी घालून खिशात ठेवलं आणि बाहेर गेले. द्रोण तसाच राहिला.

प्रसाद ज्याच्या नावाने काढला त्याने घेतला नाही तर व्रत उजवत नाही. गुरुजी म्हणाले, चालतं, गायीला घाला. मी गायीला घातला. पण मनात धरलं की व्रत राहिलं.

सरांनी माझी तक्रार केली नाही. करणार काय आणि कुणाकडे? त्यांची शस्त्रक्रिया मुंबईला झाली. डाव्या बाजूचा अर्धा जबडा काढला आणि जिभेची कड. पुढे ते नऊ वर्षं जगले. त्या नऊ वर्षांत आमच्या प्रयोगशाळेत एकही ठिपका पुसला गेला नाही. ज्या काचेवर ठिपका, तिचा माणूस त्याच आठवड्यात सर्जनकडे, असा लेखी नियम सरांनी केला. आता मी निवृत्त आहे, नियम अजून आहे. नव्या मुलींना वाटतं तो पहिल्यापासूनच होता.

पण मला आठवतो तो डिसेंबरातला मंगळवार. सर पहिल्यांदा परत कामावर आले तो. गळ्यापासून गालापर्यंत मफलर, खिशात लहान वही आणि पेन्सिल, कारण शब्द कुणाला कळत नव्हते. भोकऱ्यांनी हार आणला होता, तो घालायचा की नाही ते त्यांना कळेना.

मी सरांच्या खोलीत वाटी घेऊन गेले. आदल्या दिवशी सोमवार होता. चूरमा दुधात भिजवून, गाळून, पातळ केला होता.

“सर, आपला प्रसाद राहिलाय.”

भोकरे दारातून म्हणाले, “बाई, राहू द्या आज. त्यांना त्रास होतो गिळायला.”

“माहीत आहे,” मी म्हणाले.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मफलर सोडला. मी चमचा भरून पुढे केला. तोंड बोटभर उघडलं. पहिला चमचा गिळायला इतका वेळ लागला की भोकरे दारातून निघून गेले. शिवणीच्या बाजूने दूध ओघळलं. माझ्या हातात रुमाल होता. मी तो पुढे केला नाही. दुसरा चमचा. तिसरा. सरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, दुखण्याने की कशाने मी विचारलं नाही. एका चमच्यानंतर त्यांनी हात वर केला, वही ओढली आणि लिहिलं: ‘सर्जन म्हणाले, मार्चमध्ये आला असतात तर चार टाके.’

“हो, सर,” मी म्हणाले.

पुन्हा चमचा. मग त्यांनी पुन्हा थांबवलं. पेन्सिल बराच वेळ कागदावर नुसती टेकवून ठेवली. मग लिहिलं, तेच सुरेख अक्षर, आता थोडं कललेलं: ‘सोनाबाई ज्ञानू माळी. वय ६१. बेल विकत. भोकऱ्यांची वही पाहिली.’ आणि वही माझ्याकडे फिरवली.

मी वाचलं. तिचं पूर्ण नाव मी त्यांच्या अक्षरात पहिल्यांदा बघत होते. दोनदा वाचलं. मग वही त्यांच्याकडे सरकवली आणि चमचा भरला.

“वाटीत अजून आहे, सर.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडलं.